डाव्या हाताचा लाल

माझ्या वडिलांना खाडीवर सगळे ओळखतात, फक्त रेती वाहणारे बार्जवाले ओळखत नाहीत. त्यांचं आणि माझं भांडण तिथूनच सुरू झालं. आमचं घर अंजूरला, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. बाबांची होडी अजून वल्ह्यांची. इंजिन लावा म्हटलं तर म्हणतात, "आवाजानं मासली पलते." दिवे लावा म्हटलं तर म्हणतात, "मना सगले वलखतात."

"बार्जवाला अंधारात तुमचं तोंड बघून वळणार आहे का?" मी विचारलं. माझी जीभ तिखट आहे, हे गावाला माहीत आहे.

महिनाभर डोकं खाल्लं तेव्हा कुठे तयार झाले. मी निजामपुऱ्यातून बॅटरीवरचे दोन दिवे आणले, एक लाल, एक हिरवा. नियम मोबाइलवर वाचून पाठ केला होता. होडीच्या डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा. अंधारात समोरच्याला होडी दिसत नाही, रंग दिसतो. लाल दिसला की त्याने समजायचं, होडी आपल्या डावीकडे चाललीय. हिरवा दिसला की उजवीकडे. त्याप्रमाणे तो तिच्या मागून वाट काढतो. इतकं सोपं.

बाबांनी होडीवर दिवे बसवले त्या दुपारी त्यांचा फोन आला. मी गोडाऊनमध्ये ड्युटीवर होते, गेटवर पाच ट्रेलर ताटकळत होते, ड्रायव्हर माझ्या नावाने शंख करत होते.

"जरा येऊन बघतंस का? बराबर हायत का न्हाय?"

"लाल डाव्या हाताला, हिरवा उजव्या. त्यात काय बघायचंय, बाबा?" म्हणत मी फोन ठेवला.

चार दिवसांनी आम्ही दोघं खाडीपलीकडे ठाण्याच्या बाजूला मावशीकडे गेलो होतो. रस्त्याने यायचं तर ट्रकांच्या रांगेत दोन तास मोडतात, म्हणून होडी. निघायला उशीर झाला. थंडीचे दिवस, सूर्य बुडाला तसं पाण्यावर धुकं उतरलं आणि दोन्ही काठ दिसेनासे झाले. बाबांनी दिवे लावले. मी मागच्या टोकाला बसले होते, दिव्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला, तिथून रंग दिसत नव्हते; आणि खरं सांगते, मला माझाच अभिमान वाटत होता.

अर्धी खाडी ओलांडली तेव्हा उजवीकडून इंजिनाची घरघर आली. रेती टाकून परत निघालेली रिकामी बार्ज, ओहोटीबरोबर समुद्राकडे चाललेली. मी निर्धास्त होते. तिला आमचा हिरवा दिसेल, आम्ही अंजूरकडे चाललोय हे कळेल, ती आमच्या मागून जाईल.

ती वळली, पण अंजूरकडे. आम्ही जिथे चाललो होतो, नेमकी तिथेच.

"बाबा, ही पुढे का येतेय?"

बाबांनी मान वळवून पाहिलं. मी बार्जकडच्या पाण्यात पाहिलं. माझ्या उजव्या हाताच्या पाण्यावर तांबडा उजेड हलत होता. तिला लाल दिसत होता. आम्ही ठाण्याकडे चाललोय असं समजून ती आम्हाला वाट देत होती!

"दिवे उलटे आहेत! थांबा, थांबा!"

बाबांनी उलटी वल्ही मारायला सुरुवात केली. त्यांच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या. मी उभी राहून मोबाइलचा टॉर्च हलवत बोंबलत होते, होडी डुचमळत होती. धुक्यातून बार्जचं लोखंडी तोंड बाहेर आलं, आमच्या घराएवढं उंच. मला वाटलं, संपलं. बाबा संपले आणि ते माझ्यामुळे.

ती आमच्या पुढून गेली, वल्ह्याच्या अंतरावरून. लाटेने होडीत घोटाभर पाणी आलं. वरून कुणीतरी ओरडला, "चाचा, लाल दिखाके इधर कैसे आ रहे हो? मरना है क्या?"

बाबा काठाकडे वल्हवत राहिले. मी डब्याने पाणी उपसत होते.

होडी बांधल्यावर बाबा परत वल्ह्याच्या फळीवर जाऊन बसले, नेहमीसारखे, मागच्या टोकाकडे तोंड करून. मग डावा हात वर केला. "यो डावा. तू बोललीस तसाच लावला."

वल्हवणाऱ्याची पाठ पुढे असते. जन्मभर ते असेच बसलेत. त्यांचा डावा तो होडीचा उजवा, हे खाडीकाठच्या मुलीला सुचू नये? आणि गोडाऊनमध्ये मीच नव्या माणसांना दटावते, ट्रकला डावं-उजवं म्हणायचं नाही. हमाल कुठे तोंड करून उभा असेल सांगता येत नाही, ड्रायव्हर साइड आणि क्लीनर साइड म्हणायचं. तिथे माझी अक्कल चालते.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दोन्ही दिवे बंद केले, ओल्या पायांनी खाली उतरले आणि म्हणाले, "म्हणून तर तुला बघाया बोलावलं होतं."