आधी पाणी

पाठारेकाका गेल्याचं मला कळलं ते कोर्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. 'हमारे टेक्निशियन पाठारे जी नहीं रहे. कल का सेशन समय पर होगा.' खाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग. मीही एक टाकलं. आणि खोटं कशाला बोलू, मनात पहिला विचार आला तो हा, की चला, आता माझ्याकडे दहा मिनिटं मागायला कुणी येणार नाही.

दिल्लीतल्या आमच्या संस्थेत दरवर्षी संशोधकांसाठी तीन दिवसांचा कोर्स असतो, फ्लुओरेसन्स स्पेक्ट्रोस्कोपीचा. म्हणजे नमुन्यावर एका रंगाचा प्रकाश टाकायचा आणि तो कुठल्या दुसऱ्या रंगात चमकतो ते यंत्रावर मोजायचं. भाषणं आम्ही डॉक्टर लोक ठोकायचो, हात चालायचे काकांचे. पुण्याहून मी पीएचडीला आले तेव्हा क्युवेट, म्हणजे नमुना भरायची चौकोनी काचनळी, धरायला मला त्यांनीच शिकवलं. वरच्या कडेला धरायची. मधोमध धरली की खेकसायचे, "आता काय तुझ्या अंगठ्याचं तेल मोजायचंय का गं?" आणि नमुना कुणाचाही असो, त्यांचं ठरलेलं: आधी पाणी. नुसतं शुद्ध पाणी भरून मोजायचं, मग नमुना. घाईतले शास्त्रज्ञ वैतागायचे, "छोड़िए ना पाठारे जी!" काका ढिम्म. पाणीसुद्धा प्रकाशात आलेखावर एक छोटा उंचवटा दाखवतं आणि नवखा माणूस त्यालाच आपला शोध समजून बसतो, हे ते प्रत्येक बॅचला बजावायचे.

मी नवखी नव्हते. मी तर गेल्या वर्षी कोर्सची प्रमुख होते. प्रात्यक्षिकाला मी मोठ्या तोऱ्यात माझाच नमुना ठेवला, कारण त्याच्या चमकेवर माझा नवाकोरा पेपर उभा होता. पेपरसाठी तो नमुना मोजला तेव्हा काका रजेवर होते आणि पाणी लावायचा मी कंटाळा केला होता. काकांनी सवयीने आधी पाणी लावलं. पडद्यावर उंचवटा उमटला, नेमका माझ्या पेपरातल्या जागी. वीस जण बघत होते. काका माझ्याकडे वळले आणि कुणाला कळू नये म्हणून मराठीत, हळूच म्हणाले, "मॅडम, हे पाण्याचंच दिसतंय. नंतर बघू आपण." किती सांभाळून घेत होते मला! आणि मी? मी मुद्दाम हिंदीत, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पाठारे जी, क्युवेट ढंग से धोया कीजिए. पिछला सैंपल रह गया है." हशा पिकला. काकांचा चेहरा... तो मी बघितलाच नाही. ते सिंकपाशी गेले आणि सगळ्यांसमोर त्यांनी ती क्युवेट तीनदा धुतली. परत आले तोवर मी पुढच्या विषयाला हात घातला होता.

एवढ्यावर थांबले असते तरी खूप होतं. पण मी 'वयोमानाने नजर कमी झाली आहे' अशी टीप लिहून त्यांना यंत्रापासूनच दूर केलं. निवृत्तीआधीचं शेवटचं वर्ष त्यांनी कॉरिडॉरमध्ये बसून रजिस्टरवर सह्या घेण्यात काढलं. दोनदा माझ्या केबिनच्या दाराशी आले. "मॅडम, फक्त दहा मिनिटं यंत्र द्या. प्रकाशाचा रंग जरा सरकवून बघतो. पाण्याचा उंचवटा त्याच्याबरोबर सरकतो, दुसरं काही असेल तर जागचं हलत नाही. धुण्यात माझी चूक झाली असेल तर तेही कळेल." मी मान वर न करता म्हणाले, "वेळ नाहीये यार, काका." साठीला आलेल्या माणसाला यार!

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी मी ती दहा मिनिटं काढली. दार लावून, चोरासारखी. क्युवेट स्वतः धुतली, आधी पाणी लावलं, रंग सरकवला. उंचवटा गुमान त्याच्यामागे सरकला. पाणीच होतं. पेपर मागे घेण्याचं पत्र पाठवलंय. त्यात शौर्य काही नाही, आज ना उद्या कुणीतरी मला पकडलंच असतं.

मग लक्ष्मीबाई नगरला काकूंकडे गेले. क्वार्टर सोडायचं होतं, त्या एकट्याच सामान बांधत होत्या. माझ्यासाठी पाणी आणायला आत गेल्या, तर नळाचा आवाज थांबेचना. बाहेर आल्या त्या ग्लास उजेडात धरून बघतच. "तीनदा धुतलाय गं," त्या म्हणाल्या. "वर्षभर हेच चाललं होतं त्यांचं, प्रत्येक भांडं तीन-तीनदा. मी ओरडायचे. तर म्हणायचे, एवढी शिकलेली पोरगी चारचौघांत बोलली, म्हणजे माझे हात आता भरवशाचे राहिले नसतील."

मी सांगून टाकलं. "काकू, त्यांचं धुणं चोख होतं. चूक माझी होती. मी यंत्रावर तपासलं."

"किती वेळ लागला?"

"दहा मिनिटं."

"मग ते होते तेव्हा का नाही गं तपासलंस?"

त्यांनी ग्लास माझ्यापुढे केला, वरच्या कडेला धरून. मी पाणी प्यायले. रिकामा ग्लास खाली ठेवला, तर त्या लख्ख काचेवर मधोमध माझा अंगठा उमटलेला. काकूंनी तो बघितला, ग्लास उचलला आणि आत जाऊन पुन्हा नळ सोडला.