चिंबोऱ्या सोडायच्या असतात

विमानात बसल्यावर बायको मला म्हणाली, "मला तिथं काय बघायचं नाय. पोर येऊन मांडीवर बसली की माझं सगळं बघून झालं."

पोर म्हणजे आमची नात. सहा वर्षांची. इंग्लंडमध्येच जन्मली, तिथंच वाढतेय. तिला आम्ही मोठी होताना पाहिलं ते फोनच्या पडद्यावर. मुलानं मे महिन्याच्या सुट्टीत आम्हाला बोलावून घेतलं, कारण मी रोह्याला शाळेत शिकवतो आणि मला एरवी रजा मिळत नाही.

बायको पेणच्या खारेपाटातली, खाडीकाठच्या मिठागरवाल्यांच्या घरातली. आमच्याकडं जमीन होती, पुढं घरातले सगळे मास्तर झाले. आमचं लग्न माझ्या घरच्यांना पसंत नव्हतं. मी ते हट्टानं केलं आणि त्या एका हट्टाचं कौतुक मी स्वतःशी आयुष्यभर करत आलो. पण पाहुणे आले आणि ती 'हाय, नाय' बोलायला लागली की मी खाकरायचो. ते खाकरणं तिला कळायचं. ती चहा ठेवायला आत निघून जायची.

मुलगा राहतो तो भाग आपल्या रेवदंडा-मुरूडसारखाच, समुद्राकाठचा खेड्यांचा. फक्त नारळ-पोफळी नाहीत. शेतं थेट कड्यापर्यंत जातात आणि तिथून खाली एकदम समुद्र. सुट्टीच्या दिवशी तो आम्हाला गाडीत घालून काही ना काही दाखवायला न्यायचा. एकदा जुनं दीपगृह, एकदा कोळशावर चालणारी छोटी आगगाडी. प्रत्येक ठिकाणी माहितीच्या पाट्या असायच्या. मी त्या सगळ्या वाचायचो आणि बायकोला मराठीत सांगायचो. मास्तरकीची खोड, दुसरं काय. ती ऐकून घ्यायची आणि तिचं म्हणणं मांडायची. सील नावाचे प्राणी बघायला आम्ही होडीतून गेलो. वाळूच्या दांड्यावर ते ढिम्म पडले होते.

"यासाठी तिकीट काढलंत?" ती म्हणाली. "आमच्या तळ्यात म्हशी अशाच लोळतात. आणि वर दूध देतात."

मुलगा हसला. नातीनं, आजी काय म्हणाली, असं इंग्रजीत विचारलं. त्यानं सांगितल्यावर तीही हसली, पण हसून परत बापालाच चिकटली. तिला मराठी थोडं समजतं, बोलता येत नाही. बायको तिच्यासमोर हात पसरायची, "ये गो बाय." नात लाजून मान हलवायची. घरी आल्यावर बायको मला विचारायची, "येईल ना हो जवळ?" मी म्हणायचो, येईल, वेळ लागतो.

एका रविवारी सून कामावर होती. आम्ही चौघं एका जुन्या बंदरात गेलो. दगडी धक्का, त्याच्या कडेला ओळीनं बसलेली पोरं, प्रत्येकाच्या हातात दोरी आणि शेजारी पाण्याची बादली. दोरीच्या टोकाला मांसाचा तुकडा असलेली जाळीची पिशवी. पोरं खेकडे धरत होती. बायको गाडीतून उतरली आणि पंधरवड्यात पहिल्यांदाच माझ्यापुढं चालायला लागली.

नातीनं दोरी सोडली. खेकडा लागायचा, पण वर येता येता सुटून पडायचा. तिचं तोंड रडवेलं झालं. मग बायको धक्क्याच्या कडेला उकिडवी बसली, तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "घाई नाय करायची. चिंबोरीला वाटलं पायजे, आपण जेवतोय. हळू. हळू." खेकडा वर आला. नात किंचाळून हसली. दुसरा आला, तिसरा आला. बायकोचा आवाज चढला. ती त्या खेकड्यांशी बोलत होती, शिव्या देत होती, "ये भवाने, लाजतेस कशाला," असं सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असं म्हणत होती. नात तिला टेकून बसली. थोड्या वेळानं तर तिच्या मांडीवरच.

मी हे पाहिलं. आणि मला आणखी काही दिसलं, ते असं की लोक बघत होते. हसत होते, तेही चांगल्या मनानंच. पण मी चार पावलं बाजूला सरकलो आणि एक पाटी वाचायला लागलो.

पाटीवर लिहिलं होतं की बादलीत फार खेकडे कोंबू नका, त्यांना दुखवू नका आणि जाताना सगळे पाण्यात सोडून द्या. इतके दिवस मी प्रत्येक पाटी बायकोला वाचून दाखवली होती. तिथं कधी काय बांधलं, कुणी जीर्णोद्धार केला, काही सोडलं नव्हतं. एवढी एक पाटी सांगायला मी गेलो नाही. गेलो असतो तर मला तिच्याशेजारी वाकावं लागलं असतं आणि सगळ्यांना दिसलं असतं की ती माझी बायको आहे.

मुलगा आइस्क्रीम आणायला गेला होता. नातीनं बादलीत हात घातला. बायकोनं तो झटकन बाहेर ओढला आणि आपल्याकडं बाजारात नेण्याआधी जे करतात तेच ती करायला लागली. एकेक चिंबोरी पाठीवर दाबून धरायची आणि नांग्या मोडायच्या, म्हणजे चावणार नाही. कटकन आवाज झाला. मग परत. नातीला आधी काय होतंय ते कळलं नाही. कळलं तेव्हा ती ओरडून मांडीवरून उठली. शेजारची पोरं वळून बघायला लागली, एक रडायला लागलं. त्यांची आई उठून आली आणि बायकोला काहीतरी म्हणाली, अगदी हळू आवाजात.

मी तेव्हा पुढं झालो. इंग्रजीत म्हणालो, "माफ करा, ती खेड्यातली आहे. तिला काही कळत नाही."

त्या बाईनं मान हलवली. नात माझ्या शेजारी उभी होती. इंग्रजी तर तिचीच भाषा. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मग आजीकडं.

"काय बोललात तिला?" बायकोनं विचारलं.

"सॉरी म्हटलं."

मुलगा आला. त्यानं आईला समजावलं, "आई, इथं खायच्या नसतात. सोडायच्या असतात."

"मग धरायच्या कशाला?" ती म्हणाली. मुलानं बादली पाण्यात उपडी केली. धड होत्या त्या तिरक्या पळाल्या. बाकीच्या बुडाल्या. बायको हात पुसत बघत राहिली.

त्यानंतर नात तिच्याजवळ गेली नाही. दुसऱ्या दिवशी बायको तिची वेणी घालायला बसली तर ती बापाला इंग्रजीत म्हणाली, "आजीला वेणी घालायला नको सांगू, तिला काही कळत नाही." मुलगा रागावला, हे कुठं शिकलीस म्हणाला. मी खिडकीबाहेर बघत होतो. तिनं माझं नाव घेतलं नाही. लहान मुलं घेतात, पण तिनं घेतलं नाही.

बायकोला आजही वाटतं की पोर चिंबोऱ्यांमुळं बिथरली. "माझाच हात वाईट," ती म्हणते. रोह्याला परत आल्यापासून तिनं चिंबोऱ्या आणणं बंद केलंय. मासेवालीनं विचारलं तर म्हणते, नको गो, आता नाय खात आमी. मी ते ऐकतो आणि पेपर वाचतो.

गेल्या रविवारी फोनवर नात एकटीच समोर होती. बायको माझ्या खांद्यामागं उभी. मी ठरवलं होतं, आज बोलायचं. मी नातीला इंग्रजीत सांगितलं की त्या दिवशी धक्क्यावर खेकड्यांनी तुझी बोटं चावू नयेत म्हणून आजी तसं करत होती. तिथं पाटी होती, ती मी वाचली होती आणि तिला सांगितली नव्हती. तिला कळत नाही असं मी म्हणालो ते खोटं होतं.

नातीनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तू तिला का नाही सांगितलंस?"

उत्तर होतं, पण सहा वर्षांच्या मुलीला सांगण्यासारखं नव्हतं. बायको माझ्या खांद्यावरून पुढं वाकली.

"काय विचारतेय हो ती?"

"जेवलात का, विचारतेय."

बायकोचा चेहरा उजळला. पडद्याच्या अगदी जवळ येऊन ती म्हणाली, "जेवले गो बाय, जेवले. तू जेवलीस?"

नात गोंधळून माझ्याकडं बघत राहिली.