दोन रबरं

आमच्या गॅरेजात इंजिनचं काम आत्या बघते. माझ्या बापाची थोरली बहीण. मी शाळा सोडली तेव्हा घरात सगळे माझ्या नावानं शंख करत होते. हिनं मात्र हातात पान्हा दिला आणि म्हणाली, "रडून झालं असेल तर चाक खोल." म्हणून तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं.

परवा सकाळी तिनं शाळेच्या व्हॅनचं ऑईल आणि फिल्टर बदलला. दुपारी व्हॅन चढावर बंद. रस्ताभर ऑईल. ड्रायव्हरनं लाल दिवा बघून लगेच बंद केली म्हणून इंजिन वाचलं. ओढून आणली.

गॅरेजचे मालक आत्याला म्हणाले, "फिल्टरच डुप्लिकेट असणार, ताई."

आत्यानं फिल्टर खोलला. खाली एक सोडून दोन रबरं! जुन्या फिल्टरचं रबर इंजिनला चिकटून राहिलेलं, त्यावरच नवा आवळलेला. गाडी उभी असताना काही कळत नाही. चढावर दाब वाढला की रबरावरून रबर सरकतं आणि फिल्टर भडाभडा ओकतो.

ती जागा डोळ्यांना दिसत नाही. जुनं रबर निघालं का, ते आत्या बोट फिरवून बघते. वीस वर्षं एकदाही चुकली नव्हती.

"मी बसवलाय तो," मी ठोकून दिलं.

टपली बसली. "गप गं! तू पंक्चर काढत होतीस." मग मालकांकडे न बघताच म्हणाली, "फिल्टर चांगलाय. माझ्या बोटांना कळत नाही. तीन महिने झाले."

"तीन महिने? आणि आज सांगताय?"

"सांगितलं असतं तर घरी बसवलं असतंत. घरी मी काय करू? भिंती आवळू?"

ड्रायव्हर काहीतरी पुटपुटला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो चहा प्यायला निघून गेला.

मालक बराच वेळ हात पुसत राहिले. "तुमच्या जागेवर दुसरं कुणी येत नाही. फिल्टर पोरगी बसवेल, तुम्ही सांगा. पण आधी डॉक्टर."

आज दवाखान्यात नंबर लागायला वेळ होता. बाकावर तिचा हात माझ्या हातात होता. मी दाबला, अगदी जोर लावून.

"दाबतेयस का?" तिनं विचारलं.

"छे," मी म्हटलं. "नुसता धरलाय."