बटणावरचा सेलोटेप

केडगावच्या आमच्या चर्चमध्ये कीबोर्ड वाजवणाऱ्या मामांनी पट्टी बदलायच्या बटणावर सेलोटेप लावलाय. चार थर, मी मोजलेत. माझी लेक संगीताच्या कॉलेजात पियानोत दोनदा नापास झाली होती. तिथं समोरचं गाणं लगेच दुसऱ्या पट्टीत वाजवावं लागतं. ती मामांकडे सरावाला यायला लागली आणि त्यांनी हा टेप लावला, तेव्हा ती म्हणाली,

"मामा, बटण दाबलं की झालं ना?"

"कॉलेजच्या पियानोला बटण हाय व्हय?"

तिसऱ्या परीक्षेआधीच्या रविवारी एका आजींनी गीत फारच खालच्या पट्टीत उचललं. मामा चटकन उठले आणि त्यांनी लेकीला स्टुलावर बसवलं. तिच्या दोन ओळी चुकल्या. तिसऱ्या ओळीला तिला आजींचा सूर सापडला. मी वळून पाहिलं, तर मामा शेवटच्या बाकावर डोळे मिटून गात होते. सोळा वर्षांत त्यांना गाताना मी पहिल्यांदाच पाहिलं.