मोहाखालचं एक कापड

त्या वर्षी मोहफुलं भरपूर पडली. आम्ही नवराबायको उजाडायच्या आधीच रानात जायचो. नऊ महिन्यांच्या मुलीला झाडाखाली कापडावर निजवायचो. शेजारच्या घरची सूनही फुलं वेचायला सोबत असायची, तिचं चार महिन्यांचं बाळ त्याच कापडावर झोपायचं.

गावात लसीकरणाचं काम बघणारी आशाबाई दोनदा दारात येऊन गेली.

"काऊन भाऊ, पोरीची गोवराची लस राह्यली ना?"

"फुलं संपू द्या बाई. टोचलं का ताप येते, मंग हिले घरीच बसावं लागते."

"फुलं थांबतीन, गोवर थांबनार हाय का?"

मी हसून टाळलं. मागच्या टोचणीनंतर मुलगी दोन दिवस तापली होती, तेवढंच माझ्या डोक्यात होतं.

पंधरा दिवसांत ती तापली आणि अंगभर पुरळ उठलं. आम्ही दाराला कडुनिंब बांधला. माता आली, असं सगळ्यांना सांगितलं. लस मीच टाळली, हे मात्र कोणालाच सांगितलं नाही. मुलगी औषधांनी सावरली. पण त्या कापडावरचं बाळ माझ्या डोळ्यांपुढून हटेना. त्याचं तर लसीचं वयही झालं नव्हतं.

शेवटी मी शेजारी जाऊन खरं सांगितलं. सून बाळाला छातीशी धरून म्हणाली, "आता सांगून राह्यले, भाऊ?"

उपकेंद्रातल्या सिस्टरने बाळाला तपासलं आणि दोन आठवडे नजर ठेवायला सांगितलं. मी रोज सकाळी कुंपणाजवळ उभा राहून विचारायचो. सून माझ्याकडे न बघता म्हणायची, "नाई तापला."

दोन आठवडे उलटले. बाळाला काही झालं नाही. गावातल्या दुसऱ्या कुठल्याही लेकराला झालं नाही. बाकीच्यांनी वेळेवर टोचून घेतलं होतं. गोवर माझ्या घरात आला आणि तिथेच संपला.

सिस्टर सुनेला म्हणाली, "तू आश्रमशाळेत असताना लस घेतली होती ना? आईकडून लेकराले काही महिने आधार भेटते. मंग मात्र त्याले टोचाच लागते."

कितीतरी वर्षांपूर्वी त्या आश्रमशाळेत कोण्या एका नर्सने रडणाऱ्या मुलीचा दंड धरला होता. ती नर्स कोण, कुठली, कोणालाच आठवत नाही. पुढे जन्माला येणारं हे बाळ तिला ठाऊक नव्हतं, मीही ठाऊक नव्हतो. तरी माझी चूक आणि हे बाळ यांच्या मध्ये तीच उभी राहिली होती.