सासऱ्यांच्या पायातले मणी

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, आयुष्यभर मेंढरं राखली. मेंढराला जखम झाली की ती रोज उघडायची, मिठाच्या पाण्यानं धुवायची आणि आत अळी पडली का ते काडीनं बघायचं, ही त्यांची रीत. मेंढरांना ती मानवलीही असेल. या वेळी जखम त्यांच्या स्वतःच्या पायाला होती.

साखरेचा आजार असलेल्या या माणसाच्या अंगठ्यात बाभळीचा काटा मोडला, आणि ते कुणाला बोलले नाहीत. बीडला डॉक्टरांकडे नेईपर्यंत हाडापर्यंत पू गेला होता. पायाला रक्त कमी पोचतं, म्हणून गोळ्यांचं औषधही तिथवर पोचत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी सडलेला भाग काढून त्या पोकळीत पांढरे, बारीक मणी भरले. मण्यांत जंतू मारणारं औषध असतं. ते हळूहळू झिरपतं आणि मणी आतल्या आत विरघळून जातात, काढायला पुन्हा चिरावं लागत नाही. पट्टीवर पांढरट पाणी येईल, पण घरी पट्टी उघडू नका, पू पुन्हा वाढला तर पाय घोट्यापासून काढावा लागेल, हे त्यांनी मामांच्या तोंडावर सांगितलं. मामांनी मान हलवली. मी त्या मानेवर विश्वास ठेवून बहिणीला बघायला नेकनूरला गेले.

शिरूर कासारला घरी परतले तर मामा अंगणात पाय घमेल्यात घालून बसलेले. शेजारी त्यांचा जुना जोडीदार, तोही मेंढरंवालाच, हातात काडी घेऊन.

"लई पू साठलता," मामा म्हणाले. "खडे बी निघाले."

"खडे न्हाई मामा, औषध हुतं ते."

"औषध आसं आत ठिवत्यात व्हय? डाक्टर इसरला आसंल."

"आरं, माझ्या बोकडाच्या खुरातनं बी आसंच निघालतं," जोडीदार म्हणाला. "धुतलं की पळाय लागला."

"मग बीडला बोकडालाच न्यायचं होतं," मी म्हणाले आणि जीपवाल्याला फोन लावला.

डॉक्टर रागावले नाहीत, याचाच मला जास्त राग आला. जखम पुन्हा साफ करून त्यांनी नवे मणी भरले. "आता हे काढलेत, तर पुढच्या वेळी मी मणी भरणार नाही," ते मामांना म्हणाले. "पाय काढीन."

घरी आल्यावर मामांची बाज मी स्वयंपाकघराच्या दारात टाकली. जोडीदाराला चहा बाहेरच मिळू लागला. पट्टीवर पांढरं पाणी दिसलं की मामा कुरकुरायचे, "कावून बघू देत न्हाईस? माझा पाय हाय."

"पट्टीला हात लावा, मेंढरं विकून टाकते," मी सांगितलं. पाय जाण्याची भीती त्यांना घालून झाली होती, मेंढरं जाण्याची मात्र लागू पडली.

नंतरच्या एक्स-रेत मणी नव्हते आणि हाड स्वच्छ होतं. अंगठा थोडा आखूड झाला, पाय राहिला. आता मामा सगळ्यांना सांगतात, "मी पयल्यांदा धुतलं म्हून वाचला. डाक्टरानं नुसते खडे भरले." सुरुवातीला मी त्यांना दुरुस्त करायचे, पण तेवढा वेळ कुणाकडे असतो?

डॉक्टरांनी सांगितलेले मऊ बूट घालून ते पुन्हा मेंढरांमागे जातात. म्हणजे घरातून निघताना घालतात. पुढचं काय ते मी रोज संध्याकाळी तळपाय बघून ठरवते.