अनवाणी बसावं असा पत्रा

सहदेव फौजेत नऊ वर्षं गाड्या हाकून दर्यापूरला परतला तो एक गोष्ट पक्की ठरवूनच: यापुढे दुसऱ्याची गाडी चालवायची नाही. होतं नव्हतं ते सगळं त्याने लिलावातल्या एका जुन्या फौजी जीपमध्ये घातलं आणि सत्तावन सालच्या दिवाळीनंतर ती अकोल्याच्या रस्त्यावर उतारूंसाठी उभी केली. वस्तीने बौद्ध धम्म घेतल्याला वर्ष होऊन गेलं होतं. आपल्यातला माणूस मालक म्हणून गाडीत बसलाय हे बघून वस्तीतल्या म्हाताऱ्या पार्बताबाईने भर स्टँडवर पदराने डोळे पुसले. सहदेवची छाती फुगली होती, आणि का फुगू नये?

जीप इमानी होती, फक्त तिचा तळ सडत चालला होता. वऱ्हाडातली काळी माती एकदा पायाला चिकटली की सुटायचं नाव घेत नाही. उतारूंच्या पायांबरोबर ती आत यायची, ओल धरून बसायची आणि पत्रा खायची. अकोल्याचा चंद्रभान मिस्त्री गाड्यांच्या तळाला रंगाचे हात देऊन तो पक्का करून द्यायचा, पण सहदेवला ते पटेना. आपण अख्खी इंजिनं उतरवून पुन्हा चढवलेली, पत्र्याला रंग फासायला मिस्त्री कशाला हवा, असा त्याचा सवाल.

त्याने घरचा उपाय काढला. बैलगाडीच्या लाकडाला बिब्ब्याचं तेल दिलं की वाळवी लागत नाही की पाणी मुरत नाही. मग पत्र्यानेच काय घोडं मारलं होतं? बिब्बा कातडीला लागला की अंग उततं, फोड येतात, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून त्याने हातांना तीळतेल चोळलं, बिब्बे तापवून तेल काढलं आणि पत्र्याला दोन हात दिले. तळ असा काळाभोर चकाकला की त्याच्या बायकोला, इंदूबाईला, त्यात बघून कुंकू लावता आलं असतं. हातांची एवढी काळजी घेणाऱ्या माणसाला पायांची आठवण काही झाली नाही.

त्याच आठवड्यात रामरावांनी जीप सांगितली. पोराचं लग्न तेल्हाऱ्याला होतं आणि घरच्या सहा बायांना न्यायचं होतं. ज्या कुणब्याच्या वाड्यात सहदेवच्या बापाला दारात उभं राहावं लागे, त्या घरच्या लग्नाला सहदेवची गाडी! रामरावांची बायको लीलाबाई जीपपाशी आली आणि तळ बघून थबकली. एवढ्या लख्ख पत्र्यावर धुळीच्या चपला कशा ठेवायच्या म्हणून तिने त्या काढून हातात घेतल्या. तिचं पाहून साऱ्याजणींनी काढल्या. याहून मोठा मान आपल्याला आयुष्यात मिळायचा नाही, असं सहदेवला वाटलं.

वैशाखाचं ऊन, त्यात खालून तापलेला पत्रा. तेल वरून वाळलं होतं, आतून नव्हतं. लग्न पार पडलं आणि तिसऱ्या दिवशी सहाही बायांचे पाय सुजून फोडांनी भरले. नव्या सुनेचं माप ओलांडायच्या वेळी सासू खाटेवर. कुणी तेल्हाऱ्याच्या पाण्याला नाव ठेवलं, कुणी मांडवातल्या पाल्याला. जीपचं नाव कुणीच घेतलं नाही.

सहदेव मात्र ऐकताक्षणी उमजला. गप्प राहिला असता तर निभावलं असतं. रात्रभर तळमळला. सकाळी इंदूबाई एवढंच म्हणाली, "गाडी आपली हाय म्हनून सांगत फिरले ना गावभर? मंग चूकबी आपलीच म्हना."

तो रामरावांच्या अंगणात गेला आणि चार माणसांसमोर बोलला. "रामरावजी, पत्र्याले म्या बिब्बा देल्ला होता. बायांचे पाय माह्यामुळं उतले." रामराव उठून आत निघून गेले, तेच जास्त लागलं. गावाला मात्र चघळायला विषय मिळाला. कुणी म्हणे, सहदेवने रामरावांच्या लग्नात बिब्बा घातला. कुणी म्हणे, ज्याचं काम त्यानेच करावं. हे दुसरं कोणत्या कामाबद्दल आहे, ते सहदेवला चांगलं कळत होतं.

तो जीप घेऊन थेट चंद्रभानकडे गेला. मिस्त्री म्हणाला, ठेवून जा, करून देतो. सहदेवने मान हलवली. "चूक माह्या हातची हाय, दुरुस्तीबी माह्याच हातानं होऊ दे. तू फक्त शिकव." मिस्त्रीने त्याच्याकडे नीट बघितलं आणि हातात लोखंडी पट्टी दिली. चार दिवस सहदेव तळ खरवडत होता. खरवडलेला बिब्बा उडून त्याचेच हात कोपरापर्यंत उतले, पण पांढरं लोखंड दिसेपर्यंत तो थांबला नाही. मग जवसाच्या तेलात कालवलेल्या शेंदरी रंगाचे पातळ हात, एकावर एक, प्रत्येक पुरता वाळल्यावरच पुढचा. सहदेवची घाई बघून मिस्त्री म्हणाला, "रंग तं कोनीबी लावते गड्या. वाळू द्याले धीर लागते." पुढे जीपचं इंजिन दोनदा बदललं, पत्रा तोच राहिला.

दर्यापूरला परतल्यावर मात्र गाडीत कुणी चढेना. वस्तीतली माणसं तेवढी यायची. बाकीचे दुरून हसायचे आणि दुसऱ्या गाडीत जाऊन बसायचे. सहदेव आठ दिवस अनवाणी गाडी चालवत होता, आता बिब्बा नाही म्हणून सांगत रोज आपले तळवे लोकांना दिसतील असा बसत होता. आतून तो खचला होता. गाडी विकावी, असंही एकदा त्याच्या मनात येऊन गेलं.

नवव्या दिवशी बाजार होता, स्टँड माणसांनी भरलेला. लीलाबाई आली, अजून जरा लंगडतच. सरळ सहदेवच्या जीपपाशी गेली आणि चपला काढू लागली. कुणीतरी मागून म्हणालं, काकू, चपला राहू द्या पायात.

"काहून?" लीलाबाई वळून म्हणाली. "त्यानं सांगतलं ना, आता बिब्बा नाही म्हनून."

चपला हातात घेऊन ती चढली, शेंदरी पत्र्यावर तळवे टेकवून बसली. मागून एक बाई चढली, मग आणखी दोघी, साऱ्या अनवाणी. पार्बताबाईलाही त्यांनीच सरकून मधे जागा करून दिली.

फौजेत नऊ वर्षं गाड्या हाकलेल्या सहदेवला त्या दिवशी पहिला गिअर दोनदा चुकला.